रेस्टॉरंटच्या दारातली नोकरी आणि कपडे: होस्ट होणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाणेर, कल्याणीनगर, लोअर परळ, बीकेसी, कुठेही असो, होस्टची, म्हणजे दारात पाहुण्यांचं स्वागत करून त्यांना टेबल देणाऱ्याची, नोकरी पक्की झाली की मेसेज साधारण एकच येतो: "सोमवारपासून जॉइन करा, ब्लॅक फॉर्मल्समध्ये या." पुढचं तुमचं तुम्ही समजून घ्यायचं. पुण्यातल्या रेस्टॉरंटांमध्ये फ्लोअर सांभाळताना नव्या मुलामुलींनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. दारात उभं राहणाऱ्याने स्वतःच्या पायांचा विचार आधी करावा आणि आरशाचा नंतर, असं माझं मत आहे. त्यामुळे उत्तरंही त्याच क्रमाने झुकलेली दिसतील.

खरेदीला निघण्याआधी मॅनेजरला काय विचारू?

चार गोष्टी विचारा. युनिफॉर्म तुम्ही देणार का? देणार असाल तर किती जोड, आणि धुवायचे कुणी? बूट कसे चालतील? शिफ्ट सलग आहे की ब्रेक शिफ्ट?

शेवटचा प्रश्न कपड्यांचा वाटत नाही, पण आहे. ब्रेक शिफ्ट म्हणजे दुपारी अकरा-बारा ते चार आणि पुन्हा संध्याकाळी सात ते बंद होईपर्यंत. मधल्या वेळात घरी जाता येत नसेल तर त्याच शर्टात दोनदा घाम येणार, म्हणजे दिवसाला दोन शर्ट लागणार. हे आधी कळलं तर महागडा एक घेण्यापेक्षा बरे तीन घ्याल.

विचारायला लाजू नका. कपड्यांबद्दल आधी विचारणारी मुलगी किंवा मुलगा मॅनेजरच्या लक्षात राहतो, आणि चांगल्या अर्थाने.

"ब्लॅक फॉर्मल्स" म्हणजे नेमकं काय समजायचं?

काळी पँट, काळा किंवा पांढरा कॉलरचा शर्ट, काळे बंद बूट. एवढंच. जीन्स काळी असली तरी जीन्सच. लेगिंग म्हणजे पँट नव्हे. चमकणारं साटिन, छातीवर मोठा लोगो, गुडघ्याला फाटलेलं काहीही नको.

एक मुद्दा मात्र कुणी सांगत नाही. दारातून आत येणाऱ्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे की टेबलाबद्दल कुणाला विचारायचं. शनिवारी रात्री निम्मे पाहुणेही काळ्या कपड्यांत येतात. स्टुअर्ड (वाढणारे) काळ्यात, कॅप्टन (ऑर्डर घेणारे) काळ्यात, त्यात होस्टही काळ्यात, मग लोक वेटिंगमध्ये उभ्या असलेल्या भलत्याच माणसाला "चार जणांचं टेबल आहे का?" असं विचारतात. म्हणून मॅनेजरची परवानगी असेल तर एखादी ओळखीची खूण ठेवा: वेस्टकोट, गडद एकरंगी स्कार्फ किंवा नीट दिसेल अशी नावाची पट्टी. पाहुण्यांपेक्षा भारी दिसायचं नाही आणि त्यांच्यात हरवायचंही नाही. होस्टच्या कपड्यांची खरी कसरत हीच आहे.

इंटरव्ह्यूला आणि ट्रायल शिफ्टला एकच कपडे चालतील?

चालतील, पण ट्रायलला नवे कोरे बूट घालू नका. इंटरव्ह्यू पंधरा-वीस मिनिटांत संपतो, ट्रायल चार-पाच तास चालते. इंटरव्ह्यूला जाण्याआधी जमलं तर त्या रेस्टॉरंटच्या दारावरून एक चक्कर मारून या. आत्ता उभा असलेला होस्ट काय घालतो ते बघा आणि त्यापेक्षा एक पायरी नीटनेटकं होऊन जा. कॅफे असेल तर साधा कॉटन शर्ट आणि चिनोज पुरेत, फाइन डाइन असेल तर ब्लेझर हवा.

बूट कोणते घ्यावेत? पाय फार दुखतात, असं सगळेच सांगतात.

खरं सांगतात. म्हणून बजेट कमी असेल तर पैसे आधी बुटांवर घाला, उरलेल्यात शर्ट-पँट बसवा. हजाराच्या आतली पँट आठ महिने सहज निभावते. स्वस्तातला बूट तिसऱ्या दिवशी टाच सोलतो.

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि सकाळी नेमका बसलेला बूट रात्री नऊला करकचून आवळतो. कामावर जे मोजे घालणार तेच घालून बघा. बोटांपुढे थोडी जागा हवी, टाच उचलताना बूट मागून निसटायला नको. मग बूट हातात घेऊन उलटा करा. तळ गुळगुळीत असेल तर तिथेच ठेवून द्या. रबरी आणि खाचा असलेलाच घ्या. दारातली फरशी पावसाळ्यात ओलीच असते, आणि मोकळ्या छत्र्यांचं पाणी कितीही पुसलं तरी संपत नाही. हॉटेल लाइनच्या लोकांसाठी न घसरणाऱ्या तळाचे काळे बूट वेगळे मिळतात. दिसायला जरा जाड असतात, पण लांब पँटखाली कुणी बघत नाही.

कॅफे आणि कॅज्युअल जागी पूर्ण काळे स्नीकर्स चालतात. तळही काळा हवा, पांढरा नको.

हील्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. घालायच्याच असतील तर रुंद टाचेच्या, इंचभर उंचीच्या. बॅलेरिनासारखे पातळ तळाचे सपाट बूटही तितकेच वाईट, कारण त्यात टाचेला काहीच आधार नसतो. मऊ इनसोल वेगळा घेऊन टाकलात तर फरक पहिल्याच शिफ्टमध्ये कळेल, पण बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा लागेल. घरात शिरा फुगण्याचा त्रास कुणाला असेल तर डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे वापरा. नवे बूट आधी घरात रोज तासभर घाला. शक्य झालं की दुसरा जोड घ्या आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे आतला घाम सुकायला वेळ मिळतो आणि वासही येत नाही.

आणि बसायला काही मिळतं का, तेही विचारा. दुकानांत काम करणाऱ्यांना बसायची सोय मिळावी म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आपल्याकडे डेस्कमागे उंच स्टूल ठेवायचं की नाही, हे बहुतेक ठिकाणी मॅनेजरच ठरवतो. दुपारी चारच्या सुमाराला दारात कुत्रंही नसतं, तेव्हा दहा मिनिटं टेकायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

कापड कोणतं? शुद्ध कॉटनच चांगलं ना?

उन्हाळ्यात अंगाला चांगलं, पण कामाला कटकटीचं. होस्ट दोन हवामानांत उभा असतो. पाठीमागे एसी, समोर दर दोन मिनिटांनी उघडणारं दार आणि बाहेरची झळ. शुद्ध कॉटनचा शर्ट सकाळी कडक इस्त्री करून घातला तरी दुपारपर्यंत कोपरात आणि पाठीवर चुरगळतो. लिननचं तर विचारूच नका. दुसऱ्या टोकाला शंभर टक्के पॉलिस्टर: चुरगळत नाही, पण मुंबईच्या दमटपणात अंगाला चिकटतं आणि घामाचा वास धरून ठेवतं.

मधला मार्ग म्हणजे शर्टाला कॉटन जास्त असलेलं मिश्र कापड आणि पँटला टेरी-व्हिस्कोस, त्यात थोडं लायक्रा. आतल्या लेबलवर टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचा. कापड मुठीत दहा सेकंद घट्ट आवळून सोडा. घड्या लगेच मोकळ्या झाल्या तर घ्या, तशाच राहिल्या तर सोडा.

ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. होस्ट दिवसभर करतो ते करून बघा. हात लांब करून कोपऱ्यातलं टेबल दाखवा, खांद्यात कापड ओढतंय का बघा. वाका, खाली पडलेलं मेनूकार्ड उचलल्यासारखं. मागून शर्ट बाहेर येतो का? मग उकिडवे बसा. लहान मुलाशी बोलताना किंवा बेबी चेअर उचलताना असंच बसावं लागतं. पँट कमरेतून खाली सरकत असेल किंवा मांडीत तटतटत असेल तर एक साइज वरची घ्या आणि कंबर शिंप्याकडून बसवून घ्या. शर्टाच्या बटणांमध्ये फट पडत असेल तर आतून एक टिचबटण लावायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

मुलींच्या पँटना खिसेच नसतात. पेन, फोन, बझर (टेबल रिकामं झालं की पाहुण्याला कळवणारं यंत्र) ठेवायचं कुठे?

हा प्रश्न विचारणारीला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क देते. रेडिमेड पँटला बऱ्याचदा खिशाची नुसती टीप मारलेली असते, आत काहीच नसतं. शिंप्याकडे नेऊन ती टीप उसवा आणि आत अस्तराच्या कापडाचा खिसा लावून घ्या. फार पैसे लागत नाहीत. मात्र त्या खिशात फोन घालून चालून बघा. पातळ कापडात फोनच्या वजनाने पँट एका बाजूला ओढते. वेस्टकोट असेल तर पेन त्याच्या खिशात ठेवा. कानामागे खोचलेलं पेन किराणा दुकानात शोभतं.

पँटची लांबी बूट घालूनच मोजा. आणि तुरपाईत दोन बोटं कापड आत ठेवायला सांगा, धुऊन आटली तर सोडता येईल.

पांढऱ्या शर्टाखाली काय घालायचं?

पांढरं नाही. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन किंवा पांढरे आतले कपडे दारावरच्या दिव्यात लख्ख उठून दिसतात. स्वतःच्या कातडीच्या रंगाच्या जवळचं घाला, ते दिसत नाही. बिनबाह्यांचा बनियन घातलात तर काखेतला घाम थेट शर्टावर येतो, म्हणून अर्ध्या बाह्यांचा घ्या. कॉलर आणि काख पिवळी पडायला लागली की तो शर्ट कामातून बाद. घरी वापरा.

डाग पडला तर? मी जेवण वाढत नाही, तरी रोज काहीतरी लागतंच.

लागणारच, कारण होस्ट गर्दीतून येतो-जातो आणि कधी कधी ताटही उचलतो. लॉकरमध्ये एक जादा शर्ट कायम ठेवा. बाकीचं घरी.

तेलाचा डाग आधी पाण्याने घासू नका. त्यावर टाल्कम पावडर दाबून थोडा वेळ ठेवा, झटका आणि मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब लावून धुवा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. काही बिघडलेलं नसतं, हळद अल्कलीत तशीच रंग बदलते. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, दोन-तीन उन्हांत डाग उडतो. हे फक्त पांढऱ्या कपड्यांसाठी. काळे कपडे उन्हात वाळवले की विटतात. ते उलटे करून गार पाण्यात धुवायचे आणि सावलीत वाळवायचे. विटलेली काळी पँट आणि नवा काळा शर्ट एकत्र घातले की पँट राखाडी दिसते, म्हणून शक्यतो दोन्ही एकदम घ्या आणि एकदम धुवा.

मराठी थाळीच्या हॉटेलात साडी सांगितली आहे, तीही नऊवारी. रोज कशी नेसू?

शिवलेली नऊवारी घ्या. लक्ष्मी रोडला आणि दादरला तयार मिळते, मापाने शिवूनही देतात. पाच मिनिटांत घालून होते आणि काष्टा सुटायची भीती नाही. शिवून घेताना त्यालाही खिसा सांगा.

खरी पैठणी कामाला नेसायची नाही. आईची असेल तर मुळीच नाही. सेमी पैठणी किंवा इरकल घ्या. इरकल अंगावर नीट बसते आणि तिचा पोत दिव्यातही छान दिसतो. खणाचं ब्लाउज सुंदर दिसतं, पण अस्तर कॉटनचं लावा, नाहीतर काखेत काचतं. नऊवारी घोट्याच्या जरा वर राहू द्या, जिना चढायचा असतो. पदर खांद्यावर पिन करून कमरेला खोचलेलाच हवा. मोकळा पदर कुणाच्या तरी सोलकढीत जातो.

कोल्हापुरीची करकर गावाकडे ऐट वाढवते, पण कातडी तळाची कोल्हापुरी ओल्या फरशीवर घसरते. चांभाराकडून खाली रबराचा तळ मारून घ्या.

आणि मालक साडी सांगत असेल तर ती कोण देणार, किती देणार, फॉल-पिकोचे पैसे कुणाचे, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

मंगळसूत्र, टिकली, हिरव्या बांगड्या, नथ?

लहान मंगळसूत्र आणि टिकलीला बहुतेक ठिकाणी कुणी हरकत घेत नाही. लांब मंगळसूत्र मात्र वाकताना डेस्कच्या कडेला अडकतं, म्हणून शर्टाच्या आत घाला. बांगड्या बुकिंगच्या टॅबलेटवर आपटून वाजतात, दोन्ही हातांत एक-एक पुरे. नवी नवरी असेल आणि चुडा भरलेला असेल तर मॅनेजरला सांगा, समजून घेतात. नथ मराठी थाळीच्या जागी शोभते, ती चापाची घ्या. कानात लोंबणारं काही नको.

ताट उचलायची वेळ येत असेल तर आणखी काळजी घ्या. अन्न हाताळणाऱ्याच्या अंगावर अन्नात पडेल असं सैल काही असू नये, हे अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे. खोटी नखं त्याच हिशेबात काढून ठेवावीत.

पगडी, हिजाब, कडं यांबद्दल जॉइन होण्याआधी मोकळेपणाने बोला. साधा काळा किंवा युनिफॉर्मच्या रंगाचा हिजाब आणि नीट बांधलेली पगडी दारात छानच दिसते.

मुलांसाठी वेगळं काही?

फार नाही. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे. पट्ट्याचं बक्कल लहान. दाढी ठेवायची तर रेखून ठेवा, दोन दिवसांचे खुंट वाढवून "लूक आहे" म्हणू नका. ब्लेझर उधारीचा असेल तर खांद्यात बसतो का एवढं बघा, बाह्या कमी-जास्त करता येतात, खांदे नाही. अत्तर आणि डिओ बेताचा. पाहुण्याला बिर्याणीचा वास यायला हवा, तुमचा नाही.

पावसाळ्यात बाइकवरून किंवा लोकलने येताना काय करू?

कामाचे कपडे घालून निघू नका. टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि सँडल घालून या, रेस्टॉरंटमध्ये बदला. कामाचे बूट तिथेच ठेवा. शर्ट गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला तर कमी चुरगळतो. मोज्यांचा जादा जोड जवळ ठेवा, ओल्या मोज्यांत आठ तास म्हणजे बोटांच्या बेचक्यात चिखल्या ठरलेल्या. कपडे बदलायला बंद दाराची, कडी लागणारी जागा आहे का, हे मुलींनी आधी बघून घ्या. कोठीघरात पडदा लावलेली जागा चालवून घेऊ नका.

रात्री उशिरा घरी जाताना?

पुन्हा साध्या कपड्यांत बदलून निघा. गाडीचा प्रश्न कपड्यांपेक्षा मोठा आहे. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री ९.३० नंतर महिलेला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि तेव्हा सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. हॉटेल लाइनमध्ये दहाला कुणी सुटत नाही. म्हणून हे नोकरी घेतानाच विचारा.

मॅनेजर तोकडा, घट्ट ड्रेस घाला म्हणतो. नाही म्हणता येतं का?

येतं, आणि म्हणावं. "या कपड्यांत मला वाकता येत नाही, बेबी चेअर उचलता येत नाही" हे कामाचं कारण आहे, ते शांतपणे सांगा आणि पर्याय घेऊनच जा: गुडघ्याखालचा काळा ड्रेस किंवा पँट-शर्ट. शक्यतो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा, म्हणजे नोंद राहते. त्याच्या बोलण्यात कपड्यांच्या आडून शरीरावरचे शेरे येत असतील तर तो मुद्दा युनिफॉर्मचा राहत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या जागी अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

युनिफॉर्मचे पैसे पगारातून कापतात. बरोबर आहे का?

पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यातच असते, मालकाच्या मनावर ते नसतं. कापणार असतील तर किती, कशाचे आणि नोकरी सोडताना परत मिळणार का, हे लिहून घ्या. डिपॉझिट दिलं तर पावती घ्या. "सगळेच देतात" हे उत्तर नव्हे.

नवरात्राचे नऊ रंग आमच्याकडेही पाळतात. नऊ ड्रेस घेऊ?

अजिबात नको. काळ्या कपड्यांवर त्या दिवसाच्या रंगाची ओढणी, स्कार्फ किंवा टाय पुरतो. मैत्रिणींत अदलाबदल करा. तुळशीबागेत एका दुपारचं काम आहे.

गोव्यात सीझनला जातोय, शॅकवर (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा रेस्टॉरंटात) होस्ट म्हणून. तिथे काय?

काळे कपडे घरीच ठेवा. हलक्या रंगाचा अर्ध्या बाह्यांचा कॉटन किंवा लिनन शर्ट. लिनन चुरगळलं तरी तिथे शोभतं. पँट घोट्याच्या वर, कारण वाळू. पायात मागे पट्टा असलेले सँडल, साध्या स्लिपर वाळूत निसटतात. पणजीतल्या किंवा मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये मात्र वर सांगितलेलंच सगळं लागू.

कॅनडाला शिकायला चालले आहे, तिथे पार्ट टाइम हेच काम करणार. इथूनच कपडे नेऊ?

पँट-शर्ट न्या. काळ्या टेरी-व्हिस्कोसच्या दोन पँट इथे शिंप्याकडून मापाने शिवून नेल्यात तर तिथल्या मानाने स्वस्तात पडतील. बूट तिथेच घ्या. थंडीत बर्फातून चालायचे बूट वेगळे आणि आत घालायचे वेगळे लागतात, बॅगेत वजन कशाला? हील्सची सक्ती झाली तर घाबरू नका. रेस्टॉरंटमधल्या बायकांच्या तक्रारींनंतर ब्रिटिश कोलंबियाने एप्रिल २०१७ मध्ये अशी सक्ती बंद केली, आणि ओंटारियोनेही त्याच वर्षी कायद्यात तशी तरतूद आणली.

पहिल्या पगाराआधी हातात पैसे कमी आहेत. किमान काय घेऊ?

एक चांगला बूट, दोन काळ्या पँट, तीन शर्ट, पाच जोड मोजे, एक पट्टा. ब्लेझर लागलाच तर कुणाचा तरी मागून आणा. पँट आणि शर्ट झुडिओ, मॅक्ससारख्या दुकानांत हजाराच्या आत मिळतात. पुण्यात एफसी रोडला आणि मुंबईत फॅशन स्ट्रीटला त्याहून कमीत मिळतील, पण तिथे शिवण ओढून बघा आणि बटणं घरी येऊन पुन्हा पक्की करा. दुसऱ्या पगाराला दुसरा बूट.